हातावरचा टॅटू जुना दिसायला लागलाय: टचअप, कव्हरअप की राहू द्यावा आहे तसा?

पारिजात_हिंगणा
नमस्कार मंडळी. नोकरी लागल्या लागल्या उजव्या हातावर, कोपराखाली बाहेरच्या बाजूला मोगऱ्याची डहाळी काढून घेतली होती. खाली बारीक अक्षरांत आईच्या आवडीची एक ओळ. तेव्हा फाइन लाइनचं, म्हणजे बारीक रेघांच्या टॅटूंचं, फॅड नवं होतं. आता पानांचा हिरवा मळकट झालाय, कळ्यांतला पांढरा जवळजवळ गेलाय आणि ओळ वाचायला लोक माझा हात धरून उजेडाकडे नेतात.

रोज गाडीने नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीला जाते, म्हणजे ऊन भरपूर. दोन ठिकाणी दाखवलं. एक जण म्हणाला, तासाभरात टचअप करून नवाकोरा करून देतो. दुसरीकडची मुलगी म्हणाली, यावर परत सुई चालवली तर अक्षरं अजून जाड होतील. आधी लेझरने फिका करा, मग वर मोठं डिझाइन घ्या. तिसरं मत घरी फुकट मिळतं: "तेव्हाच सांगितलं होतं."

ज्यांचे टॅटू दहा-पंधरा वर्षांचे झालेत त्यांनी सांगा, कसे दिसतात आता? काय लावता?

तर्रीबाज
अवो ताई, मे महिन्यात इथं माणूसच फिका पडते, टॅटूचं काय घेऊन बसल्या!
घरच्या मताला +१. ते मत कधीच फिकं पडत नाही.

ऑरेंज_रायडर
माझा अनुभव ऐका. मी टॅक्सी चालवतो, अमरावती आणि छिंदवाडा लाइनवर. दोन्ही हातांवर वाघ आहेत, एकाच माणसाकडून, एकाच दिवशी केलेले. डावा वाघ अजून गुरगुरून राहिला. उजवा पेन्शनीत गेला. खिडकीकडचा हात आहे ना तो. काच लावून एसीत बसलो तरी हे असं. माझ्या बायकोचं म्हणणं, काचेतून ऊन लागत नाही, तू उगाच कारणं सांगते. कोणी जाणकार सांगेल का?

निंबोणी
@ऑरेंज_रायडर, वहिनींना अर्धे मार्क द्या. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरण काच बरेचसे अडवते, म्हणून काचेआड त्वचा लगेच भाजत नाही. पण यूव्हीए किरण बाजूच्या साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात आणि ते त्वचेत खोल जातात. समोरची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली असते, ती जास्त अडवते. त्यामुळे वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांचा खिडकीकडचा हात आणि गाल वेगळा दिसतो. वाघाचा दोष नाही.

(मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे कोणाला तपासलेलं नाही, सर्वसाधारण माहिती देतोय.)

पुणे_मुक्कामी
नागपूरकरांनी टॅटू काढूच नये. मे २०१३ मध्ये तुमच्याकडे ४७.९ अंश झालं होतं, त्या तापमानात शाईच काय, डांबरही वितळतं.

तर्रीबाज
पुण्याच्या माणसाने दुपारी एक ते चार झोपावं, प्रतिसाद देऊ नये.

निंबोणी
@पुणे_मुक्कामी, रंग तापमानाने जात नाही, अतिनील किरणांनी जातो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतपात, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तोच. तेव्हा किरण सर्वात तीव्र. पण डिसेंबरात "काय छान कोवळं ऊन आहे" म्हणत दुपारी तास-दोन तास गच्चीवर बसणाऱ्यांच्या हातालाही ते लागतातच, फक्त चटका बसत नाही म्हणून कळत नाही.

आता टॅटू पसरतो का, तेही सांगतो. शाईचे कण त्वचेच्या दुसऱ्या थरात जातात. शरीराच्या दृष्टीने तो कचरा, म्हणून मॅक्रोफेज नावाच्या पेशी येऊन ते कण गिळतात. गिळतात, पण पचवता येत नाहीत. पेशी मेली की कण सुटतात आणि शेजारी आलेली नवी पेशी ते पुन्हा गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. म्हणजे टॅटू कायमचा असला तरी तो धरून ठेवणारे हात सारखे बदलत असतात. या अदलाबदलीत कण थोडे इकडेतिकडे होतात, काही लसीकेतून (लिम्फ नावाच्या द्रवातून) काखेतल्या गाठींपर्यंत जातात. रेघ रुंद होणं, कडा मऊ होणं हे त्यामुळे थोडंफार प्रत्येकाचं होणारच. क्रीम लावून ते थांबत नाही.

स्पष्टवक्ता_महाल
मुळात देवाने दिलेल्या कातडीवर चित्रं काढायची कशाला? आमच्या वेळी हे नव्हतं.

नलू_उमरेड
@स्पष्टवक्ता_महाल, तुमच्या वेळी नव्हतं कसं? माझ्या आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं, कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके. तुळशीवृंदावन, आजोबांचं नाव, विंचू. तुमच्या घरातल्या जुन्या बायांचे हात आठवून बघा.

आणि माझा मुद्दा हा, की आजीने जन्मात सनस्क्रीन पाहिलं नाही. ऐन उन्हात कापूस वेचला. तरी शेवटपर्यंत वृंदावन ओळखू येत होतं. मग आजकालच्या हजारो रुपयांच्या टॅटूला काय धाड भरते?

स्पष्टवक्ता_महाल
गोंदण वेगळं. ती परंपरा आहे.

सुई_सदर
बराच वेळ वाचत होतो. माझं काम हेच आहे, म्हणून दुकानाचं नाव टाकत नाही. सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

नलूताई, तुमच्या आजीचं गोंदण टिकलं त्याचं कारण डिझाइनमध्ये आहे. एक म्हणजे नुसती काजळी, म्हणजे कार्बन. काळा कार्बन सगळ्यात चिवट. तो कातडीखालून हिरवट-निळसर दिसतो, कारण कातडी प्रकाश विखुरते, शाई बदललेली नसते. दुसरं, जाड ठिपके आणि जाड रेघा, मध्ये भरपूर मोकळी जागा. वीस वर्षांत रेघ पसरली तरी शेजारच्या रेघेला जाऊन भिडत नाही. आता पोरं काय घेऊन येतात? फोनमधला फोटो. अंगठ्याएवढ्या जागेत सिंहाचा चेहरा, डोळ्यात प्रतिबिंब, खाली तारीख. इन्स्टाग्रामवर तो फोटो काम संपल्यावर पाचव्या मिनिटाला काढलेला असतो. पाचव्या वर्षी त्याचा फोटो कोणी टाकत नाही.

पांढरा, पिवळा, फिके गुलाबी-जांभळे रंग आपल्या कातडीवर आधी हार मानतात. आपला सावळा रंग वरच्या थरात असतो, शाई त्याच्या खाली. म्हणजे प्रत्येक रंग आपण चहाच्या रंगाच्या काचेतून बघतो. त्यात हात टॅन झाला की काच अजून गडद. बऱ्याच जणांचा टॅटू "गेला" वाटतो तो निम्मा टॅनच असतो. थंडीत फुल बाह्या घातल्या की दोन-तीन महिन्यांत उजळतो.

सुई किती खोल जाते तेही महत्त्वाचं. एक ते दोन मिलिमीटरच्या आसपास काम असतं. वरच राहिली तर शाई खपलीबरोबर निघून जाते, जास्त खोल गेली तर रेघेभोवती निळी सावली पसरते. तिला आम्ही ब्लोआउट म्हणतो. ती पहिल्या काही दिवसांतच दिसते, ती म्हातारपणाची खूण नाही, हाताची चूक आहे. बोटांच्या कडा, तळहात, पायाची टाच इथे मी आधीच सांगतो की टिकणार नाही. तरी लोक बोटावर अंगठी गोंदवून मागतात. लग्नाच्या आधी.

तर्रीबाज
@सुई_सदर, अंगठी लवकर जाते हे बरंच आहे. काही लग्नंही तेवढीच टिकतात.

मानेवाडा_मीनल
देवनागरीचा एक किस्सा. आमच्या कॉलेजच्या एका पोट्ट्याने मनगटावर "भाऊ" लिहून घेतलं, बारीक, एकदम स्टायलिश. पाच-सहा वर्षांत भ ची शिरोरेषेतली फट बुजली. आता सगळे त्याला माऊ म्हणतात. बायको पण.

ऑरेंज_रायडर
😂😂 माऊ!!

सुई_सदर
मीनलताई, हसू नका, हे रोजचं आहे. भ-म, ध-घ ही जोडी लहान अक्षरात काढायची म्हणजे जोखीम. अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. जोडाक्षरात तर पोटातली जागा बुजून नुसता गोळा उरतो. मी गिऱ्हाइकाला अक्षर मोठं करायला लावतो, नाहीतर शब्द कमी करायला. काही जण रागावून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

गोंडवन
नलूताईंचा आणि सुईभाऊंचा मुद्दा पटला, पण गोंदणाचं फार गोड चित्र रंगवू नका. माझ्या आजीचे पाय गुडघ्यापर्यंत गोंदलेले होते. आमच्यात म्हणतात, मेल्यावर सोनं-चांदी उतरवून घेतात, गोंदण तेवढं सोबत येते. तिला अभिमान होता. पण तीच सांगायची की तीन-चार बायांनी धरून ठेवलं होतं, आणि बाजाराच्या दिवशी एकाच सुयांच्या जुडीने रांगेतल्या सगळ्या पोरींचं काम झालं. वरून हळद-तेल. पाय सुजून ज्यांना ताप भरला त्या पोरींबद्दल कोणी लिहीत नाही. आणि पसरलं म्हणाल तर तिचंही पसरलंच होतं. फक्त तिच्याकडे पहिल्या दिवशीचा फोटो नव्हता तुलना करायला.

निंबोणी
+१०० गोंडवन. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, तिन्ही एकाच सुईतून जाऊ शकतात. आजही जत्रेत, यात्रेत रस्त्याकडेला मशीन घेऊन बसलेले दिसतात. एका वाटीतल्या शाईत दहा जणांची सुई बुडते. सुई नवी फोडली तरी शाई तीच असेल तर उपयोग नाही. पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा, शाई आपल्यापुरती छोट्या टोपणात वेगळी ओतायला लावा. श्रद्धेने नाव गोंदवा, पण एवढं बघून.

पुणे_मुक्कामी
टिकण्याचाच विषय असेल तर आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला ओत्झी बघा. पाच हजारांवर वर्षं जुना माणूस, अंगावर ६१ टॅटू. सगळ्या नुसत्या रेघा आणि फुल्या, कार्बनच्या. सुईभाऊंची थिअरी सिद्ध.

तर्रीबाज
बर्फात ठेवलं होतं म्हणून. सीताबर्डीवर उभं केलं असतं तर दोन उन्हाळ्यांत संपला असता.

जरीपटका_जय
क्रीमवर कोणी बोललंच नाही. मी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली, गोरं करायचीच होती ती. टॅटूवर लावली तर आजूबाजूची कातडी उजळली आणि टॅटू एकदम उठून आला. स्वस्तात मस्त. सगळ्यांनी करून बघा.

निंबोणी
@जरीपटका_जय, कृपया करू नका, आणि इतरांनीही नाही. अशा ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. सुरुवातीला छान दिसतं. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात आणि पावसाळ्यात तिथे गजकर्ण झालं तर ते दबून, वेड्यावाकड्या आकारात पसरतं. ओपीडीत असे रुग्ण सतत येतात. ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यापैकी काही असेल तर डॉक्टरला विचारून बंद करा. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद केल्यावर त्रास होऊ शकतो, म्हणून विचारून.

जरीपटका_जय
मोमेटासोन आहे. 😐 दाखवून येतो.

नलू_उमरेड
आणि खोबरेल तेल? आम्ही तर सगळ्याला तेच लावतो.

निंबोणी
नलूताई, जुन्या टॅटूला खुशाल लावा. कोरडी कातडी प्रकाश विखुरते, तेल लावलं की पृष्ठभाग गुळगुळीत होऊन टॅटू गडद दिसतो. रंग तेवढाच असतो. साधं मॉइश्चरायझरही तेच काम करतं. बाहेर जाताना मात्र एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, हातभर नीट, आणि उन्हातच असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम पुसला की ते गेलं समजा. त्यापेक्षा सोपा उपाय नागपूरच्या मुलींना ठाऊकच आहे: सुती बाह्या आणि दुपट्टा. कापड दोन तासांनी परत लावावं लागत नाही.

नव्या टॅटूला जखम भरेपर्यंत सनस्क्रीन नको, झाकूनच ठेवा. खपली खाजवायची नाही, तरणतलाव नाही.

कामठीकर
जरा अवांतर. भाचा भरतीची तयारी करून राहिला. सैन्याच्या गार्ड्स रेजिमेंटच्या सेंटरजवळच राहतो, लहानपणापासून तेच डोक्यात. मित्रांच्या नादाने उजव्या दंडावर मोठं त्रिशूल काढून आला. चालते का?

सुई_सदर
भाऊ, अवघड आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय निकषांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, पण जागा ठरलेली: डाव्या हाताच्या कोपराखाली आतली बाजू, नाहीतर हाताचा पंजा मागून. उजवा हात सलामीचा, म्हणून डावा. आकारही त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. सैन्यातही जागेचे नियम आहेत, आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. त्याने ज्या भरतीचा फॉर्म भरायचा तिची जाहिरात नीट वाचायची. भरतीवाली पोरं आली की मी आधी हेच विचारतो आणि बऱ्याचदा परत पाठवतो.

कामठीकर
बहिणीला सांगायची हिंमत होऊन नाही राहिली माझी.

संपादक
मधला एक प्रतिसाद उडवला आहे. "गॅरंटीने टॅटू काढून देऊ" अशी जाहिरात आणि फोन नंबर होता. इथे जाहिराती नकोत.

पारिजात_हिंगणा
बाप रे, एका दिवसात केवढं झालं! सगळ्यांचे आभार. माझ्या प्रश्नाकडे परत येऊ का? 😄

ओळीत "ध" आहे आणि त्याचा खरंच "घ" होत आलाय. पण मला ती ओळ झाकायची नाहीये. आईला ती तशीच आवडते. लेझरबद्दल विचारायचं होतं, पूर्ण काढायला नाही, नुसतं फिकं करायला. आणि कळ्यांना पांढरी शाई वापरली होती हे नक्की आठवतंय.

निंबोणी
पारिजात, पांढऱ्या शाईचं सांगितलंत हे फार बरं केलं. पांढऱ्यात बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि लेझर मारल्यावर ते उलट काळपट पडू शकतं. फिक्या हिरव्यात उजळपणासाठी तेच मिसळलेलं असू शकतं. म्हणून आधी कोपऱ्यातल्या एका कळीवर छोटी चाचणी, मग काही आठवडे वाट. त्याशिवाय कोणी थेट सुरू करत असेल तर उठून या.

बाकी लेझरचं तत्त्व असं की अतिशय छोटा झटका शाईच्या कणांचे तुकडे करतो, मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. काळ्यासाठी १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी आपल्या सावळ्या कातडीला तुलनेने सुरक्षित. हिरव्याला वेगळी लागते आणि तिथे कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहण्याचा धोका वाढतो. एका बैठकीत काही होत नाही, दोन बैठकांत साधारण सहा ते आठ आठवड्यांचं अंतर. आणि टॅन झालेल्या हातावर करायचं नाही.

सुई_सदर
डॉक्टरांनी बोलून दाखवलं ते बरं झालं, आमच्या धंद्यातले फार कमी जण पांढऱ्याचं विचारतात.

ताई, तुमच्या हातावर लेझर लागेलच असं मला वाटत नाही. आणि तासाभरात नवाकोरा करून देणाऱ्याकडेही जाऊ नका. जुन्या पसरलेल्या रेघेवर नवी बारीक रेघ मारली की जुनी बाहेरून डोकावते, ती झाकायला रेघ जाड करावी लागते आणि अक्षराचं पोट अजून भरतं. अक्षरांना कोणालाच हात लावू देऊ नका. तुमचं काम पानांत आहे. पानं थोडी मोठी करून काळ्याने बाहेरची रेघ आणि सावली द्यायची, हिरव्याच्या मागे लागायचं नाही. कळ्या पांढऱ्याने परत भरायच्या नाहीत, कातडीच कळी म्हणून मोकळी सोडायची, भोवती गडद पान आलं की ती आपोआप उजळ दिसते. खर्चही कमी.

गोंडवन
म्हणजे शेवटी काळी शाई, जाड रेघ, मोकळी जागा. आजीला फी द्या आता.

पारिजात_हिंगणा
हे एकदम पटलं. काळ्यातली पानं, ओळ तशीच. पुढच्या महिन्यात भावाचं लग्न आहे, त्याआधी करून घेऊ का?

सुई_सदर
पुढचा महिना म्हणजे एप्रिल. नको. घाम, घामोळ्या, गाडीवरचं ऊन, वर लग्नाची धावपळ. खपली पडून वरची कातडी पूर्ववत व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर टॅटू धुरकट दिसतो. फोटोत तसाच येईल. दिवाळीनंतर या धंद्यातल्या कोणाकडेही जा.

पारिजात_हिंगणा
बरं, नोव्हेंबर. ऑफिसात दर जूनला रक्तदान शिबिर असतं, तेवढं यंदा होऊन जाईल.

निंबोणी
हो, आणि पुढच्या वर्षीचं जूनचं शिबिर सोडावं लागेल. टचअपसुद्धा टॅटूच धरतात, आपल्याकडच्या नियमाप्रमाणे १२ महिने रक्त देता येत नाही. फॉर्मवर लपवू नका.

नलू_उमरेड
पारिजात, लग्नात हळद खेळताना त्या हाताला लागली तर?

निंबोणी
जुन्या टॅटूला काही होत नाही, नलूताई. खेळू द्या तिला.

तर्रीबाज
लग्न कुठं आहे? सावजी असेल तर धाग्यावरच्या सगळ्यांचं आमंत्रण टाका. मी माऊला घेऊन येतो.